लचन्ना जागा होता

"डिजिटल ध्वनियंत्रणेच्या पहिल्याच खेळाला ऑपरेटर लचन्ना शिंदीच्या अमलाखाली यंत्राशेजारी झोपी गेला, त्यामुळे आवाज गेला आणि संतप्त प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या."

हे वाक्य याच दिवाळी अंकात गेल्या वर्षी छापून आले. लिहिणारे श्री. गोविंदराव हे भैंसा गावातील त्या थिएटरचे व्यवस्थापक होते. वाक्यातील खुर्च्यांविषयीचा भाग खरा आहे. उरलेल्या भागाचे खंडन करण्यासाठी मी हा लेख पाठवीत आहे. संपादकांनी माझ्याकडे "काही रंजक आठवणी" मागितल्या होत्या. रंजकतेची हमी मी देत नाही.

माझा व्यवसाय चित्रपटगृहांत आवाज बसवण्याचा होता. लोक "आवाज दुरुस्त करणारा" म्हणत. ते चूक आहे. दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची होते. मी कोरी भिंत, कोरा पडदा आणि मालकाचा संशय यांच्यापासून सुरुवात करीत असे. आदिलाबाद जिल्ह्यात डिजिटल आवाज प्रथम कोणी आणला याविषयी आज तीन दावेदार आहेत. त्यांपैकी दोघांनी यंत्राची खोकी उतरवली होती आणि तिसऱ्याने फीत कापली होती. यंत्र बसवले मी.

ते यंत्र काय करीत असे, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण गोविंदरावांचा सारा लेख त्याविषयीच्या अज्ञानावर उभा आहे.

जुन्या पद्धतीत चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेलाच छापलेला असे, नागमोडी पांढऱ्या रेघांच्या रूपाने. त्या रेघांतून दिव्याचा उजेड जाई आणि त्या उजेडाचा पुढे आवाज होई. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे जी पद्धत आली तिच्यात आवाज वेगळ्या चकत्यांवर येई, गाण्यांच्या सीडीसारख्या. फिल्मवर, जुन्या रेघांच्या शेजारी, बारीक खुणांची एक ओळ असे. प्रोजेक्टरवर बसवलेला एक डोळा त्या खुणा वाचून चकतीला सांगे की चित्र आता अमुक ठिकाणी आहे, तू तेथला आवाज दे. पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन मोठे स्पीकर. बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर लहान पेट्या. प्रत्येकाचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतंत्र, आणि सगळे अ‍ॅम्प्लिफायर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये एका कपाटात एकावर एक रचलेले. त्या सर्वांवर अंमल चालवणारे मुख्य बटण एकच. ते फिरवले की सगळा आवाज कमी किंवा जास्त होई. हे बसवून मी हॉलमध्ये दोन तृतीयांश मागे, मध्यावर, स्टँडवर मायक्रोफोन उभा करी, यंत्रातून वाफेसारखा सूं आवाज सोडी आणि प्रत्येक स्पीकर मीटरवर जुळवून घेई. त्या जागेवर जो आवाज ऐकू येतो तोच चित्रपटाचा खरा आवाज. बाकी खुर्च्यांना जे मिळते त्यास प्रसाद म्हणावे.

भैंसाच्या थिएटरचे मालक बापूराव कापसाचे व्यापारी. थिएटरची इमारत पूर्वी त्यांच्याच जिनिंगचे गोदाम होती. गोदामाच्या भिंती कापूस ठेवण्यासाठी बांधलेल्या असतात, ऐकण्यासाठी नव्हे. टाळी वाजवली की ती परत येऊन भेटत असे. मी सांगितले की, भिंतींना रुईच्या गाद्या लागतील.

"भित्तीले थंडी वाजून राह्यली काय?" बापूरावांनी विचारले.

"आवाज भिंतीवर आपटून परत येतो, बापूराव. रुई त्याला गिळते."

"माही रुई आवाज खाईन, अन् मंग मी काय खाऊ?"

तरीही त्यांनी रुई दिली. माणूस दिलदार होता, आणि हे मी त्यांच्याशी झालेले भांडण विसरून लिहीत नाही. गाद्या शिवल्या, भिंतींवर ठोकल्या, वर कापड ताणले. टाळी परत येईनाशी झाली. पुढे उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात रुईचा भाव चढला. मी हॉलमध्ये शिरलो तर मागची भिंत उघडी, आणि दोन हमाल शेवटची गादी खाली उतरवीत होते.

"इंजिनेर साहेब, असा भाव पुन्हा येत नाई," बापूराव म्हणाले. "भित्त कुठी पयून चालली? सीझन सरला का लावून देतो परत."

बाजूच्या भिंतींवरचे कापड रंगवून झाले होते, म्हणून त्या वाचल्या. मागच्या भिंतीवर आता उघड्या विटा होत्या आणि माझ्या चार पेट्या. त्यांच्या बरोबर खाली बाल्कनीची शेवटची रांग, आणि त्या रांगेच्या मध्यावर मालकांची राखीव खुर्ची. मी ती खुर्ची पुढे घेण्याची सूचना केली. जिथे खरा आवाज ऐकू येतो ती जागाही दाखवली.

"मालकानं मधात बसावं? लोकाइच्या पाठीमागं बसलं तवाच मालक दिसते."

थिएटरची शेवटची रांग ही त्यांची गादी होती, आणि ध्वनिशास्त्र तेथपर्यंत पोहोचत नव्हते.

आता लचन्नाविषयी. तो आमच्याच जिल्ह्याचा, पण पूर्वेकडच्या कोळसा खाणींच्या भागातला, जेथे बाजारातही मराठी कानावर पडत नाही. प्रोजेक्टरवर त्याचा हात जुना होता. भैंसाला येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. तेलुगू त्याची स्वतःची, आणि इतरांशी तो हैदराबादी वळणाची मोडकी हिंदी बोले. मी त्याला यंत्र शिकवले ते तेलुगूत. तेलुगू मी लिहितो, वाचतो आणि तिच्यात भांडतोही. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरवर मी तेलुगू लिपीत पट्टी चिकटवली: डावा तो "एडम", उजवा तो "कुडि", मागचा तो "वेनक". उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणीसाठी संपूर्ण चित्रपट लावला. मी हॉलमधून हात वर करून ओरडायचो, "वेनक!" आणि मागच्या पेट्या तत्काळ गप्प होत. एकदाही चूक झाली नाही. त्या एका खेळात त्याने चित्रपटही टिपून घेतला. गाणे केव्हा येते हे ऑपरेटरला एकदा पाहिले की पाठ होते.

बापूराव मात्र मागच्या पेट्यांना "वेनक" म्हणत नव्हते. ते त्यांना "पाठ" म्हणत, कारण त्या पाठीशी वाजत. आमच्या पैनगंगेकाठच्या बोलीत "ठ" चा उच्चार फार काळ टिकत नाही. त्यांच्या तोंडी तो शब्द "पाट" असा येई. मालकांच्या खुर्चीशेजारी एक फोन होता. उचलला की थेट केबिनमध्ये वाजे. एरवी त्यावर बापूराव लचन्नाशी हिंदीत बोलत: आवाज बढाव, फोकस देखो. त्यांची हिंदी राग येईपर्यंत चांगली होती.

शुक्रवार, दुपारचा खेळ. आसपासच्या गावांतून लोक जीप आणि ट्रॅक्टर करून आले होते, कारण आवाज चारही बाजूंनी येतो असे जाहिरातीत म्हटले होते. हिंदी चित्रपट. सुरुवातीलाच एक जीप पडद्यावरून निघून प्रेक्षकांच्या मागे जाते. जीप मागे गेली आणि अर्धे थिएटर तिच्यामागे वळले. जैनथकडचे एक वृद्ध गृहस्थ उभे राहून मागच्या भिंतीला दरडावून म्हणाले, "कोन हाय बे तिकडं?" मी पडद्याकडे न पाहता लोकांकडे पाहत होतो. माझ्या धंद्यात दाद समोरून मिळत नाही. माना वळल्या म्हणजे ती मिळाली असे समजायचे.

बापूरावांची मान मात्र वळू शकत नव्हती. जीप त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर येऊन थांबली होती, आणि उघड्या विटा तिचा हॉर्न पुन्हा पुन्हा त्यांच्या कानात टाकीत होत्या.

थोड्या वेळाने पहिले गाणे सुरू झाले आणि थिएटर मुके झाले. पडद्यावर पन्नासेक माणसे पिवळ्या कपड्यांत नाचत होती. ऐकू येत होते फक्त पंखे. प्रथम लोकांना वाटले, हीच नवी पद्धत असावी. काही क्षण ते आदराने पाहत राहिले. नंतर शिट्या सुरू झाल्या. गाणे संपले, नायक बोलू लागला आणि आवाज परत आला.

मी पडद्यामागे धावलो. स्पीकरची जोडणी तपासली, तारा ओढून पाहिल्या, सर्व घट्ट. तेथेच असताना दुसरे गाणे लागले. तीन मोठे स्पीकर माझ्या तोंडासमोर होते आणि त्यांतून साधी कुजबुजही येत नव्हती. दोष स्पीकरमध्ये नाही, हे तेथे स्पष्ट झाले. मी केबिनकडे निघालो तर जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप. प्रेक्षक वर चढतील या भीतीने गोविंदरावांनी ते लावले होते आणि किल्ली घेऊन ते तिकीट खिडकीत बसले होते. खिडकी त्यांनी आतून बंद केली होती. ज्यांनी ऑपरेटर झोपलेला होता असे लिहिले आहे, त्यांच्या आणि ऑपरेटरच्या मध्ये त्या वेळी एक बंद खिडकी, एक बंद दार आणि संतप्त जनसमुदाय होता. मी परत हॉलमध्ये माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. तिसरे गाणे मी तेथून पाहिले. पाहिले हाच शब्द योग्य आहे.

मध्यंतर झाले. बापूराव स्वतः किल्ली घेऊन आले आणि आम्ही दोघे केबिनमध्ये शिरलो. लचन्ना यंत्रापाशी उभा होता आणि त्याचा हात मुख्य बटणावर होता. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती.

"काऊन बे, गाने काऊन बंद केले?" बापूराव गरजले.

"आपईच बोले ना, सेठ," लचन्ना म्हणाला. "फोन पे बोले. पाट बंद करो."

"हो मंग! पाट बंद कर म्हनलं! गाने बंद कर कोन म्हनलं?"

"वही तो, सेठ! पाट! मैं पाट बंद करा!"

"अबे पाट म्हनजे पाट!"

"हौ सेठ, पाट!"

दोघेही एकच शब्द ओरडत होते, दोघांचेही एकमत होते, आणि दोघेही एकमेकांच्या अंगावर जाण्याच्या बेतात होते. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रे जुळवली. असा बिघाड पुन्हा पाहिला नाही. तेलुगूत "पाट" म्हणजे गाणे. लचन्नाला मागच्या पेट्यांसाठी ठाऊक असलेला शब्द "वेनक" होता. मालकाने फोन उचलून सांगितले, "पाट बंद कर, डोक्शात घुसून राह्यली." ऑपरेटरने विचार केला असेल की मालकांचे डोके दुखत आहे, मालकांना गाणी नकोत. थिएटरच्या मालकाला गाणी नकोत यात नवल वाटण्यासारखे काही आहे, असे त्याच्या आजवरच्या नोकरीत कोणी त्याला सांगितले नव्हते. गाणे लागले की तो मुख्य बटण शून्यावर नेई. संपले की पूर्ववत करी. हुकूम त्याने तंतोतंत पाळला.

मी हे तेथल्या तेथे दोन्ही भाषांत समजावून सांगितले. लचन्नाने कपाळाला हात लावला. "अय्यो, सार," एवढेच तो म्हणाला. बापूरावांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. नंतर म्हणाले, "म्हनजे माह्याच थेटरात माही मराठी चुकते?"

"चूक कोणाचीच नाही, बापूराव. शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत."

"खाली लोकं खुर्च्या मोडून राह्यले. त्याइले हे सांगू? का मालक बोलला अन् गाने गेले?"

हा प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर गोविंदरावांनी दिले. मध्यंतर होताच ते खिडकीतून बाहेर आले होते आणि केबिनच्या दारात उभे होते. कोपऱ्यातली बाटली त्यांनी उचलली आणि म्हणाले, "मालक, हा पिऊन झोपला होता. हेच सांगू." त्या बाटलीत यंत्राचा डोळा पुसण्याचे स्पिरिट होते. ती मी आणली होती. ते पिऊन झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावरून काढावा लागत नाही.

लचन्नाला त्याच वेळी खाली उतरवण्यात आले. मी बापूरावांना सांगितले, "याला परत घ्या, तर मी येथे पाय ठेवीन."

"मंग नका येऊ," ते म्हणाले.

मी गेलो नाही. नंतर त्यांचे तीन निरोप आले. तिन्ही वेळा मी विचारले, लचन्ना आहे का? तिन्ही वेळा निरोप्या दुसरेच काहीतरी बोलला. त्या हॉलच्या मागच्या भिंतीला रुई पुन्हा लागलीच नाही, असे मी ऐकतो. जिल्ह्यातला सर्वांत चांगला जुळवलेला हॉल तो होऊ शकला असता. मी तो पूर्ण जुळलेला फक्त त्या आठवड्यापूर्वी ऐकला, रिकाम्या खुर्च्यांत, एकट्याने. बापूराव आता नाहीत. त्यांच्याशी माझे भांडण तेवढ्यावरच राहिले, आणि ते मला अजूनही जड जाते. लचन्नाला पुन्हा कोणत्याही थिएटरने ठेवले नाही. झोपाळू ऑपरेटर हा शिक्का या धंद्यात पुसता येत नाही. त्याने उरलेली वर्षे भैंसातल्याच एका जिनिंगच्या प्रेसवर काढली, जेथे झोपलेला माणूस हात गमावतो. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत.

गोविंदरावांचे समर्थक मला सांगतात की, चकतीवरचा आवाज तुटला असेल आणि जागा असलेल्या ऑपरेटरने जुन्या रेघांवर जायला हवे होते. त्यांना माझे सांगणे असे की, चकती अडखळली तर ते यंत्र स्वतःच, कोणालाही न विचारता, जुन्या रेघांवर जात असे. त्यासाठी ऑपरेटर जागा असण्याची गरज नव्हती. त्या दुपारी आदिलाबाद जिल्ह्यातले सर्व ऑपरेटर झोपले असते तरी गाणी वाजली असती. त्या यंत्रात झोपेने आवाज जात नाही. तो घालवण्यासाठी माणसाने जागे राहून बटण फिरवावे लागते.

एवढ्यावर मी थांबलो असतो. परंतु अंक बाहेर पडल्यानंतर लचन्नाची मुलगी सरोजा माझ्या घरी आली. ती भैंसात वाढली, मराठी उत्तम वाचते आणि आदिलाबादला शिक्षिका आहे. अंक तिच्या पिशवीत होता.

"काका, नान्ना खरंच झोपले होते का?" तिने विचारले. वडिलांना ती तेलुगूत नान्ना म्हणते.

"नाही."

"ते स्वतः काही सांगत नाहीत. विचारलं की 'पोनी' म्हणतात. जाऊ दे म्हणतात." तिने अंक टेबलावर ठेवला. "शाळेत सगळ्यांनी वाचलंय. मी थोडी उशिरा पोचले की हेडमास्तर विचारतात, काय मॅडम, झोप झाली का? घरचीच सवय दिसते. आणि सगळे हसतात."

मी तिला चकतीचे, रेघांचे आणि बटणाचे सर्व समजावले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि मान हलवली.

"मला पटलं, काका. पण स्टाफरूममध्ये मी अ‍ॅम्प्लिफायर कुठून आणू? ते म्हणतील, तुमचे काका तुमच्या वडलांचे दोस्त, ते असंच सांगणार. एक गोष्ट सांगा. मशीन न कळणाऱ्या माणसालाही खोडता येणार नाही अशी."

मी तिला ती सांगितली. ती ऐकून सरोजा प्रथम हसली आणि मग तिने डोळे पुसले. तीच येथे गोविंदरावांसाठी आणि त्यांच्या वाचकांसाठी लिहितो. त्या खेळाला हजर असलेला कोणीही मनुष्य आज हयात असेल तर त्याने ती खोटी ठरवून दाखवावी.

तिसऱ्या गाण्यात नायिका स्वयंपाकघरात एकटीच गात असते. गाण्याच्या मध्यावर तिचे वडील दारात येतात आणि विचारतात, "बेटी, चाय मिलेगी?" ती म्हणते, "अभी लाई, बाबूजी." वडील जातात आणि गाणे पुढे सुरू होते. त्या दुपारी ते गाणे आधी मुके गेले आणि नंतरही मुकेच गेले. मधली ही दोन वाक्ये मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आली.